जबाबदार व्यक्तीचा रकाना

...आणि ते झाकण उघडेना हो! माझ्याच बाटलीचं झाकण, मीच आणलेलं, मीच बसवलेलं, आणि मलाच उघडेना! दाबा आणि फिरवा म्हणे. दाबून फिरवलं, फिरवून दाबलं, गुडघ्यात धरून पिळलं, दाराच्या फटीत अडकवून बघितलं... दार निखळलं, झाकण जिथल्या तिथे! वर पुन्हा त्याच्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलंय, 'मुलांपासून सुरक्षित.' मुलांपासून आहेच, पण म्हाताऱ्यांपासून त्याहून सुरक्षित आहे. परवा एका गिऱ्हाइकाचा फोन, 'तुमचं पॉलिश काय टिकतं हो! दोन महिने झाले, संपतच नाही!' अहो, संपेल कसं? उघडलंच नसेल त्याने!

आता तुम्हाला वाटेल, असली झाकणं लावायला लावणाऱ्या नव्या सरकारी नियमाला हा म्हातारा नावं ठेवतोय. नाही! आधीच सांगून ठेवतो, नियम चांगलाच आहे. माझं नियमाशी काही भांडण नाही. माझं जे झालं ना, ते त्या नियमातल्या एका रकान्यामुळे झालं, आणि त्यातही नियमाची चूक नाही, रकान्याची नाही, चूक माझी. पण म्हणून बोलायचंसुद्धा नाही का माणसाने?

तर मी पॉलिश तयार करतो. लाकडाचं. टेबलं, खुर्च्या, कपाटं, दारं, कुणाच्या आजोबांची आरामखुर्ची... घरामागे दोन खोल्या आहेत, त्यांना आम्ही कारखाना म्हणतो, कारण पाटीवर तसं लिहिलंय. पहिल्या खोलीत शेगडी, पातेली आणि पिंपं. दुसऱ्या खोलीत बाटल्या, लेबलं आणि पॅकिंगच्या मावशी. मावशी तेवीस वर्षं त्याच स्टुलावर बसतायत. स्टूल दोनदा बदललं, मावशी त्याच आहेत.

'करतो' म्हणालो खरा, पण करायची ही. ही म्हणजे आमची ही! मी मालक. मालकाने काय करायचं, तर पिंपं हलवायची, गिऱ्हाइकांशी हसून बोलायचं आणि पाटी पुसायची. मेण किती, जवसाचं तेल किती, टर्पेंटाइन कधी, पातेलं शेगडीवरून उतरवायचं कधी, ते सगळं हिच्या हातात. हातात म्हणजे खरोखरच हातात हो, कागदावर एक अक्षर नाही! आणि मग ती गेली.

...अहो, चेहरे काय पाडताय? मुलीकडे गेलीय! विमानाने जावं लागतं इतक्या लांब मुलगी. ती बाळंत झाली, ही म्हणाली, 'तीन महिने जाऊन येते.' तीन महिने! आज दोन वर्षं आणि चार महिने झाले. निघताना मला म्हणाली होती, 'तुम्हीही चला की.' आणि मी काय म्हणालो असेन? 'कारखाना कोण बघेल?' असं म्हणालो मी! जणू काही माझ्यावाचून देशातल्या खुर्च्या उभ्या राहणार नव्हत्या.

बरं, जाताना मला सगळं शिकवून गेली. शिकवून म्हणजे काय, पातेल्यासमोर उभं केलं आणि म्हणाली, 'बघा नीट, असं झालं की असं करायचं.' मी बघितलं. असं झालं की मी असं करतो. दोन वर्षं करतोय. पॉलिश होतं. पण का होतं, मला विचारू नका.

आणि तिकडे हिला दर खेपेला कारण तयार. 'दात येतायत हो त्याला.' दात आले. 'चालायला लागलाय, हाताला येईल ते ओढतो.' चालून झालं. 'आता पळतो हो, आणि पोरीची नोकरी पुन्हा सुरू झालीय, कोण धरणार त्याला?' मी दर खेपेला काय म्हणायचो? 'राहा की. इथे सगळं व्यवस्थित आहे.' व्यवस्थित! तुम्हाला सांगतो, दोन वर्षं चार महिने झाले, पण सकाळी माझा हात अजून दोन कप चहाचंच आधण ठेवतो. रोज. मग दुसरा कप मावशींना. मावशींना वाटतं, मालक फार प्रेमळ झालेत अलीकडे.

फोन रोज असायचा, नाही असं नाही. संध्याकाळी सहाला. 'दुपारी जेवलात का?' 'जेवलो.' 'गोळी?' 'घेतली.' 'मावशी बऱ्या आहेत?' 'बऱ्या आहेत.' 'बरं, ठेवते, हा पाण्यात हात घालतोय.' संपलं! एक्केचाळीस सेकंद! फोनवर दिसतात ना आकडे, मी बघायचो. सगळ्यात लांब फोन दीड मिनिटाचा झाला होता, आणि त्यातलं एक मिनिट ती मला धरून ठेवून चष्मा शोधत होती. ते मिनिटही मला आवडलं होतं. ती काय सरकवतेय, कुठलं दार उघडतेय, ते ऐकू येत होतं.

आणि अशात ते पत्र आलं. सरकारी. देशभरातल्या सगळ्या लहानमोठ्या व्यवसायांना! म्हणजे मोठमोठे रसायनांचे कारखाने एकीकडे आणि मी नि मावशी एकीकडे, पण पत्र एकच. 'रसायने वापरणाऱ्या व ग्राहकोपयोगी वस्तू तयार करणाऱ्या सर्व व्यावसायिकांस कळविण्यात येते की...' की काय? की तुमच्या वस्तूत काय आहे ते सांगा. प्रत्येक घटक सांगा. प्रत्येकाचं प्रमाण सांगा, टक्क्यांत. प्रत्येकाचा उद्देश सांगा, म्हणजे तो तिथे का आहे ते सांगा. कितीला पेट घेतं, डोळ्यात गेलं तर काय, सांडलं तर काय, पोटात गेलं तर काय... चौतीस पानांचा अर्ज आणि सोळा भागांचं सुरक्षा माहितीपत्रक! मी डोक्याला हात लावला. म्हटलं, लग्न जमवतानासुद्धा इतकी चौकशी केली नव्हती कुणी माझी.

पण 'पोटात गेलं तर काय' इथे मात्र मी थांबलो. कारण आमच्याकडे गेलं होतं. जिच्याकडे ही गेलीय ना, ती मुलगी दोन वर्षांची होती तेव्हा. साधं बूच होतं बाटलीला, तिने काढलं आणि तोंडाला लावली. घोटभरच, पण खोकून खोकून निळी पडली पोर. उचलली आणि पळालो. डॉक्टर म्हणाले, 'काय होतं बाटलीत?' मी म्हणालो, 'पॉलिश.' 'पॉलिशमध्ये काय?' मी हिच्याकडे बघतोय. ही म्हणाली, 'मेण, तेल, टर्पेंटाइन.' 'टर्पेंटाइन किती?' आणि ही... रडत रडत म्हणाली, 'अंदाजाने.' त्या डॉक्टरांनी आमच्याकडे ज्या नजरेने बघितलं ना, ती मी विसरलेलो नाही. दोन दिवस दवाखान्यात काढले. वाचली पोर. म्हणून सांगतो, नियम चांगलाच आहे. माझं नियमाशी भांडण नाही. तीस वर्षं उशिरा आला एवढंच.

तर अर्ज घेतला, पेन घेतलं, चष्मा लावला आणि हिला फोन लावला. दुपारचे तीन, म्हणजे नेहमीची वेळ नव्हे. ही घाबरलीच. 'काय झालं? पडलात का?' 'पडलो नाही गं. मेण किती घालायचीस?' 'अं?' 'मेण. किती.' 'पुरेसं.' 'पुरेसं म्हणजे किती?' 'अहो, पुरेसं म्हणजे जास्त नाही आणि कमी नाही.' 'टक्क्यांत सांग.' 'एक्केचाळीस वर्षांत तुम्ही मला टक्क्यांत कधी काही विचारलंत का?'

मग सुरू झालं. ती तिकडून सांगणार, मी इकडे तराजू घेऊन उभा. 'ती वाटी घ्या, कडेला पोचा आलेली.' 'घेतली.' 'तिच्यात मेणाचा कीस भरा, पण वर डोंगर नको.' 'डोंगर नाही केला.' 'दाबून भरू नका हो!' 'तुला कसं कळलं मी दाबतोय?' 'एक्केचाळीस वर्षं बघतेय, तुम्ही बॅगसुद्धा दाबूनच भरता.' मग वजन. मग तेल. मग, 'किती अंशांपर्यंत तापवायचं?' 'रंग बदलेपर्यंत.' 'कुठला रंग?' 'लग्नात तुम्ही घातला होता ना सदरा, तो.' 'कुठला सदरा?' 'म्हणजे तुम्हाला आठवत नाही?' झालं! त्या सदऱ्यावर वीस मिनिटं! तो कुणी शिवला, बाही कशी तोकडी झाली, मी सगळा वेळ हात मागे बांधून कसा उभा राहिलो, आणि हिच्या थोरल्या काकांना कसं वाटलं की मुलगा फार विनयशील आहे! हसली हो ती. फोनवर. मी तिचं हसणं दोन वर्षांनी ऐकत होतो आणि एकीकडे अर्जात लिहीत होतो, 'रंग : फिकट पिवळा.'

फोन ठेवला आणि आकडा बघितला. एक तास बारा मिनिटं! मला वाटलं फोन बिघडला. मावशींना दाखवला. मावशी म्हणाल्या, 'बरोबर आहे. माझी साठ लेबलं लावून झाली.'

दुसऱ्या दिवशी एक तास चाळीस. तिसऱ्या दिवशी दोन तास, मध्ये बाळाला झोपवून पुन्हा! तेलाने भिजलेले कापडाचे बोळे कुठे टाकता, असा एक प्रश्न होता. आम्ही कोपऱ्यातल्या खोक्यात टाकायचो. ते म्हणे आपोआप पेटू शकतात! इतकी वर्षं त्या खोक्यावर बसून मी पेपर वाचलाय! आता पाण्याचा डबा ठेवलाय, घट्ट झाकणाचा. सांगतो ना, नियम चांगलाच आहे.

आणि मग चौथ्या दिवशी ती म्हणाली, 'आणि शेवटी ते थेंब.' मी म्हटलं, 'कसले थेंब?' 'संत्र्याच्या सालीच्या तेलाचे.' आता हे मला नवीन! मी म्हटलं, 'ते कशाला? त्याने चकाकी येते का?' 'नाही.' 'टिकाऊपणा?' 'नाही हो.' 'अगं, इथे रकाना आहे, घटकाचा उद्देश. उद्देश सांगितल्याशिवाय अर्ज पुढे सरकत नाही.' मग म्हणाली, 'लग्नानंतर पहिल्याच महिन्यात तुम्ही म्हणाला होता, तुझ्या हातांना टर्पेंटाइनचा वास येतो. तेव्हापासून घालते.'

मला आठवतसुद्धा नाही हो, मी असं म्हणाल्याचं! एक वाक्य. तोंडातून निसटलेलं. आणि त्या एका वाक्यापायी एक्केचाळीस वर्षं प्रत्येक पातेल्यात ती थेंब टाकत राहिली. लोकांच्या घरातल्या टेबलांना, कपाटांना, कुणाकुणाच्या आरामखुर्च्यांना तो वास, आणि का? तर मी म्हणालो होतो! आणि ती गेल्यापासून मी काय करत होतो? नुसतंच टर्पेंटाइन. गिऱ्हाइकं म्हणायची, 'पूर्वीची मजा राहिली नाही.' मला वाटायचं, माझ्याच मनातलं बोलतायत. त्या रकान्यात काय लिहू सांगा? पेन हातात धरून पाऊण तास बसलो. शेवटी लिहिलं, 'सुवासाकरिता.' अर्ज पुढे सरकला. मी नाही सरकलो.

आणि गुरुवारी काय झालं... अर्ज संपला. पॉलिशबद्दलचे सगळे रकाने भरले! फक्त पाठवायचा. पण मला तो पाकिटात घालवेना. कारण उद्या तीन वाजता मी हिला काय विचारणार? पुन्हा 'जेवलात का, गोळी घेतली का'? पुन्हा एक्केचाळीस सेकंद? मी अर्जाकडे बघितलं, अर्जाने माझ्याकडे. हळूच पुन्हा पेन घेतलं. मेणाचे चार टक्के वाढवले. बेरीज, एकशे चार. आणि दिला पाठवून!

तिथल्या कचेरीत एक अधिकारी बाई होत्या, त्यांचा फोन आला. वयाने माझ्या मुलीएवढ्या, आवाज एकदम मऊ. 'आजोबा, तुमची बेरीज एकशे चार टक्के होतेय.' 'हो का? अरेरेरे! मग आता?' 'दुरुस्त करून पाठवा.' 'पाठवतो, पाठवतो! घरी विचारून पाठवतो!' तुम्हाला सांगतो, अर्ज नापास झाल्यावर इतका आनंद झालेला माणूस त्या बाईंनी पाहिला नसेल. हिला फोन! एक तास वीस मिनिटं!

पुढच्या वेळी बेरीज त्र्याण्णव केली. 'आजोबा, सात टक्के कुठे गेले?' म्हटलं, 'टर्पेंटाइन आहे हो, उडालं असेल.' त्याच्या पुढच्या वेळी मात्र मी जरा वाहवत गेलो. 'सांडल्यास काय करावे' याचं उत्तर 'डोळ्यात गेल्यास काय करावे' इथे लिहिलं. बाईंचा फोन, आवाज कापत होता, हसण्याने की भीतीने कोण जाणे. 'आजोबा, तुम्ही लिहिलंय, पॉलिश डोळ्यात गेल्यास वाळू टाकून फावड्याने गोळा करावे!' मी म्हटलं, 'बाई, चुकलं. बायकोला विचारतो.' विचारलं. ही इतकी हसली, इतकी हसली की बाळ मागून विचारायला लागलं, आजी का रडते?

पण असं किती दिवस चालणार? एक दिवस बाई म्हणाल्या, 'आजोबा, आता सगळं बरोबर आलंय. एकच रकाना कोरा आहे. जबाबदार व्यक्ती.' मी म्हटलं, 'ते काय असतं?' त्यांनी वाचून दाखवलं. 'मिश्रणाच्या प्रत्येक टप्प्याची माहिती असलेली, त्याबद्दल उत्तरदायी असलेली, आणि तपासणीच्या वेळी हजर राहणारी व्यक्ती.' हजर राहणारी! माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. लिहिलं हो मी. हिचं नाव. पूर्ण नाव, सुवाच्य अक्षरात.

बघा ना, दोन वर्षांत मला एक शब्द म्हणता आला नव्हता. 'ये.' एवढाच शब्द. तो घशात येऊन अडकायचा आणि बाहेर पडताना 'राहा की' होऊन पडायचा. म्हटलं, मला नाही ना म्हणता येत? मग सरकारला म्हणू दे! फोन केला. आवाज जड केला. 'अगं, नाइलाज आहे. सरकारी काम आहे. जबाबदार व्यक्ती म्हणून तुझं नाव लागलंय, तपासणीला तुला हजर राहावं लागेल. कायदाच तसा आहे, मी काय करू?' ती म्हणाली, 'बघते.' नाही म्हणाली नाही हो! 'बघते' म्हणाली!

मग काय विचारता! पडदे धुतले. गाद्या उन्हात टाकल्या. तिच्या बाजूचा दिवा बदलला. स्वयंपाकघरातल्या खिडकीची कडी, जी नऊ वर्षं 'करतो, करतो' म्हणत होतो, ती बसवली. संत्र्याच्या सालीचं तेल आणलं आणि एक पातेलं तिच्या पद्धतीने केलं. सगळ्या घराला तो वास! मावशी आत येऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, 'मालकीणबाई आल्या काय?' मी म्हटलं, 'येतायत.' पहिल्यांदा मोठ्याने म्हणालो ते. 'येतायत.'

आणि तपासणीच्या चार दिवस आधी अधिकारी बाईंचा फोन. आवाजात नुसता आनंद! 'आजोबा, एक गोड बातमी. तुमच्या घरच्यांना एवढ्या लांबून यायचा त्रास नको म्हणून मी मुद्दाम वरिष्ठांशी बोलले. व्हिडिओवर हजर राहिलं तरी चालेल!'

चालेल! आता मला सांगा, उभ्या आयुष्यात सरकारने मला कधी एक सवलत दिली? परवान्याच्या वेळी दिली? विजेच्या जोडणीच्या वेळी दिली? चपला झिजल्या माझ्या! आणि जन्मात एकदा, एकदाच, मला वाटलं की यांनी अडून बसावं, हट्ट करावा, पायरी चढू देऊ नये... तर माया! बरं, त्या पोरीला काय बोलणार? चांगुलपणानेच केलं तिने. मी म्हटलं, 'फार उपकार झाले.' फोन ठेवला आणि त्या नव्या कडीची खिडकी लावून घेतली.

तपासणीचा दिवस. बाई आल्या, सगळी खोली बघितली, बोळ्यांचा डबा बघितला, 'छान' म्हणाल्या. माझा फोन मेणाच्या डब्याला टेकवून उभा केला, आणि त्यात ही. मांडीवर नातू. केस किती पांढरे झालेत हो! रोज बोलायचो, पण चेहरा बघायचा राहूनच गेला होता, कधी व्हिडिओ लागलाच तर बाळच समोर यायचं. तिने खोलीवरून नजर फिरवली. 'पिंप हलवलंत वाटतं?' 'हलवलं.' 'बरं केलंत.' मग बाईंचे प्रश्न, हिची उत्तरं... फाडफाड! टक्के तोंडपाठ! टर्पेंटाइन कधी घालता? 'शेगडी बंद करून, पातेलं खाली उतरवून, खिडकी उघडून.' मी तर बघतच राहिलो. हीच का ती, पुरेसं म्हणजे पुरेसं?

मग बाई म्हणाल्या, 'आजी, नियमाप्रमाणे जबाबदार व्यक्ती उत्पादनाच्या ठिकाणी राहणारी हवी. तुम्ही परत कधी येणार?' ही खाली बघून नातवाच्या केसांवरून हात फिरवत राहिली आणि म्हणाली, 'माझं नाव काढा. त्यांचं लिहा. दोन वर्षं तेच करतायत, उत्तम करतात.' बाई माझ्याकडे वळल्या. 'आजोबा, करून दाखवता?'

खरं सांगू? मनात आलं, मेण करपवावं. नापास व्हावं. मग यावंच लागेल तिला! पातेलं शेगडीवर ठेवलं, मेण वितळलं, तेल घातलं... आता फक्त उभं राहायचं, काही करायचं नाही, दोन मिनिटांत वाट लागते. पण ती बघत होती हो समोरून! तो सदऱ्याचा रंग आला आणि ती तिकडून म्हणाली, 'आता,' आणि त्याच क्षणी माझ्या हाताने पातेलं उतरवलं होतं. मला न विचारता! बाई म्हणाल्या, 'अभिनंदन.' शिक्का मारला. जबाबदार व्यक्ती, मी!

आणि जाता जाता दारात उभं राहून सांगितलं, 'आता एकच लक्षात ठेवा. जबाबदार व्यक्तीला सात दिवसांपेक्षा जास्त ठिकाण सोडता येत नाही. सोडायचं असेल तर पर्यायी माणूस नेमा, त्याला नव्वद दिवस प्रशिक्षण द्या, आणि गैरहजेरीचा अर्ज भरा.' गेल्या.

मी फोनकडे वळलो. ही तशीच बसली होती. बाळ झोपलं होतं. तिने विचारलं, 'काय म्हणाल्या त्या? सात दिवस?' 'हो.' 'अहो, मी तुमचं तिकीट बघून ठेवलं होतं.' 'कसलं तिकीट?' 'इकडचं. तीन महिन्यांचं. म्हटलं, अर्जाचं एकदा संपलं की कारखाना मावशींवर सोपवून याल. म्हणून तर सगळं घाईघाईने, बरोब्बर सांगत होते. तुम्ही मात्र सारखे चुकत होता.'

तुम्हाला सांगतो, मी त्या पिंपावर बसलो. ती अर्ज संपावा म्हणून बरोबर सांगतेय, मी संपू नये म्हणून चुकीचं लिहितोय, आणि दोघांनाही हवं ते एकच! मी म्हटलं, 'अगं, मग कधी म्हणाली का नाहीस, या म्हणून?' ती म्हणाली, 'तुम्ही म्हणालात, ये म्हणून?' तेलही गेलं, तूपही गेलं, आणि हाती काय आलं, तर शिक्का मारलेलं प्रमाणपत्र. दोघांनी मिळून आपल्या पायावर धोंडा पाडून घेतला, तोही अर्ज करून! नियम चांगला आहे हो, अजूनही म्हणतो, माझं नियमाशी भांडण नाही. माझं भांडण आहे ते माझ्या तोंडाशी.

दुसऱ्या दिवसापासून मावशींचं प्रशिक्षण सुरू केलं. नव्वद दिवस. पहिल्याच दिवशी त्या म्हणाल्या, 'मालक, मला येतं हे. मालकीणबाईंनी केव्हाच शिकवलंय, तुम्ही विचारलं नाही.' म्हटलं, मावशी, येत असलं तरी नव्वद दिवस शिकावं लागेल. रोज एक दिवस खोडतो मी. आज एकोणचाळीस झाले.

आणि तो गैरहजेरीचा अर्ज. एकच पान, त्यात एकच मोठा रकाना. 'गैरहजेरीचे कारण.' या वेळी म्हटलं, पुरे झालं खोटं लिहिणं. पेन घेतलं आणि लिहिलं. 'बायकोशिवाय करमत नाही.' लिहून झाल्यावर दोनदा वाचलं. जे तिला दोन वर्षं चार महिने सांगता आलं नाही, ते मी शासनाला कळवलं, सहीनिशी! दिलं पाठवून. पाचव्या दिवशी परत आला. 'सदर कारण नियमांत नमूद नाही. कृपया दिलेल्या यादीतून योग्य पर्याय निवडावा.' यादी बघितली. आजारपण. व्यवसाय. न्यायालयीन काम. शेवटी अधिकारी बाईंना फोन केला. म्हटलं, 'बाई, यात माझं कारणच नाहीये.' त्या बिचाऱ्या अगदी हळू आवाजात म्हणाल्या, 'आजोबा, यादीतल्या सगळ्यात खालच्या शब्दावर खूण करा.'

केली खूण. अर्ज मंजूर झाला. एक्केचाळीस वर्षांचा संसार आमचा, आणि सरकारदरबारी बायकोची नोंद कशात लागलीय माहितीये? 'इतर.'